अ‍ॅक्शन कॅमेऱ्यातला एचडीआर: फोटोला लावावा, व्हिडिओला लावावा, की बंदच ठेवावा?

सह्यभटक्या
मंडळी, सांदणसारख्या घळीत अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने शूट करताना एचडीआर (उजळ आणि काळा भाग दोन्ही दिसावेत म्हणून असलेली सोय) चालू ठेवायचा की बंद? ज्यांनी साम्रदची सांदण पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधे जेमतेम बोळ आणि डोक्यावर आभाळाची पांढरीफेक चिंधी. आभाळ धरलं तर माणसं काळीठिक्कर, माणसं धरली तर आभाळ गायब.

माझ्याकडे गोप्रो हिरो १३ आहे. फोटोत एचडीआर लावला की कातळाचे थर मस्त उठून येतात, पण दोरावरून उतरणाऱ्या गड्याला मधूनच तिसरा हात फुटतो. व्हिडिओत एचएलजी एचडीआर लावला तर माझ्या मोबाइलवर एकदम झकास, आणि घरच्या जुन्या टीव्हीवर लावला की ताकात पाणी घातल्यासारखा. नेटवर शोधलं तर एक म्हणतो कायम चालू ठेवा, दुसरा म्हणतो हातही लावू नका. खरंच वापरणाऱ्यांनी सांगा.

कुठला कॅमेरा घ्यावा हा धाग्याचा विषय नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शंभरी तिकडेच भरायची.

नगरी_नग
बसतो हितं कोपऱ्यात. चहा सांगा कुणीतरी.

लोलक
सह्यभटक्या, तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्याच गोष्टींच्या आहेत. मेनूत दोन्हीकडे तीच तीन अक्षरं दिसतात, म्हणून घोळ होतो.

आधी फोटो. एचडीआर फोटोत कॅमेरा लागोपाठ दोन-तीन फोटो काढतो. एक कमी उजेडाचा, त्यात आभाळ शाबूत राहतं. एक जास्त उजेडाचा, त्यात कातळातलं दिसतं. मग दोन्हींतलं बरं ते घेऊन एकच जेपेग बनवतो. ही जेपेग अगदी साधी, आठ बिटांची असते आणि कुठल्याही पडद्यावर नीट दिसते. उजेड-अंधाराची मोठी रेंज दाबून लहान डब्यात बसवलेली असते, एवढंच. पण ते दोन-तीन फोटो एका क्षणाचे नसतात. त्यांच्यामधे तुमचा गडी हातभर खाली सरकला की दोन्हीकडचा हात एका फोटोत येतो. घळीत उजेड कमी, म्हणजे शटर आधीच मंद. त्यामुळे तिथे हे भूत हमखास दिसणार.

आता एचएलजी. त्यात दाबादाबी नसते. तो पडद्याला सांगतो की या जागी नेहमीपेक्षा जास्त उजेड पाड. साधा व्हिडिओ १०० निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेडाच्या हिशोबाने बनतो, एचडीआरचं काम सहसा १००० निटच्या हिशोबाने होतं. एचएलजी ही पद्धत बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी टीव्ही प्रसारणासाठी मिळून काढली आणि २०१६ साली ती बीटी.२१०० या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आली. एकच सिग्नल जुन्या आणि नव्या दोन्ही टीव्हींवर चालावा हा त्यामागचा हेतू.

मग तुमचा टीव्ही फिका का? उजेडाचा चढउतार जुना टीव्ही बऱ्यापैकी पचवतो. रंग मात्र बीटी.२०२० या रुंद पटात लिहिलेले असतात. बीटी.७०९ एवढंच कळणारा टीव्ही तेच आकडे स्वतःच्या अरुंद पटात वाचतो आणि सगळे रंग एक पायरी उतरतात. कॅमेरा ठीक आहे, टीव्हीही ठीक आहे. मधे रूपांतर करणारा कुणी नाही.

आणि जे बहुतेक व्हिडिओंत सांगितलं जात नाही ते हे: एचएलजी लावल्याने सेन्सरची ताकद वाढत नाही. शूट करताना आभाळ जळलं असेल तर ते कुठल्याच पद्धतीने परत येत नाही. फोटोतला एचडीआर टिपण्यासाठी आहे, एचएलजी दाखवण्यासाठी.

घाटवळण
+१ लोलक. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक भर घालतो. तिसराही प्रकार आहे, व्हिडिओतच वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम जोडणारा. २०१९ सालच्या डीजेआयच्या पहिल्या ऑस्मो अ‍ॅक्शनमध्ये एचडीआर व्हिडिओ होता, पण तो लावला की रॉकस्टेडी, म्हणजे धक्के सावरणारं स्टॅबिलायझेशन, बंद. हेल्मेटवर लावलेल्या कॅमेऱ्याला स्टॅबिलायझेशन नाही म्हणजे बघणाऱ्याला उलटीच. गोप्रो हिरो १२ वर एचडीआर आणि हायपरस्मूथ (गोप्रोचं स्टॅबिलायझेशन) दोन्ही चालतं, फक्त फ्रेम रेटला लगाम बसतो: ५.३के ला ३०, ४के ला ६०. स्लो मोशन हवं असेल तर एचडीआर सोडा.

सह्यभटक्या
लोलक, एवढं सुटसुटीत आजवर कुणी सांगितलं नव्हतं, दंडवत. मग दोरावरच्या गड्याचं काय करू? आभाळ सोडून देऊ?

दोरखंड
आभाळ सोडू नका, एचडीआर सोडा. माणूस हलत असेल तर एकच फोटो, पण रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या स्वरूपात. गोप्रोवर फोटोच्या आउटपुटमध्ये स्टँडर्ड, एचडीआर, सुपरफोटो आणि रॉ असे पर्याय असतात. एका वेळी एकच मिळतो, म्हणजे रॉ निवडला की एचडीआर आपोआप गेला. जीपीआर नावाची फाइल मिळते. ती डीएनजीचाच भाऊबंद आहे, लाइटरूम उघडतं.

मी रॅपलिंगला लोकांना उतरवतो तेव्हा कॅमेरा छातीवर असतो आणि हात दोरात, त्यामुळे वर जायच्या आधीच सगळं लावून ठेवतो. ईव्ही (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) उणे अर्धा, आभाळ जास्तच उघडं असेल तर उणे एक. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमाल ८००. नंतर कॉम्प्युटरवर सावल्या उचलायच्या. सावलीतून काहीतरी निघतं, फार तर दाणे दिसतात. जळलेल्या आभाळातून काही म्हणजे काही निघत नाही. म्हणून चुकायचंच असेल तर अंधाराच्या बाजूला चुकावं.

माणसं नसतील, नुसती घळ असेल, तर एचडीआर बिनधास्त लावा. कॅमेरा दगडावर टेकवा आणि तोंडी हुकूम देऊन फोटो घ्या. बटण दाबताना कॅमेरा हलतो आणि तेवढ्याने कातळाच्या कडा दुहेरी होतात.

अंधारबन
सगळ्यांचं वाचलं. आता थोडं वाकडं बोलतो, हलके घ्या.

सांदण अंधारी आहे. तिथे गेल्यावर पोटात जो गोळा येतो तो त्या अंधारामुळे. तुम्ही एचडीआर लावून प्रत्येक कपारीत ट्यूबलाइट लावता, मग फोटो बघणाऱ्याला ती दरी वाटते की लग्नाचा हॉल? कातळ राखाडी, आभाळ राखाडी, माणसाच्या चेहऱ्यावर भलतीच चमक. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे फोटो बघा. दहातल्या आठांत कड्याच्या कडेभोवती पांढरी झालर असते. ती झालर निसर्गात नाही, सॉफ्टवेअरची आहे.

माझा कॅमेरा कायम साध्या मोडवर. काळं ते काळं राहू द्यावं.

जुनं_निगेटिव्ह
अंधारबन, झालरीबद्दल शंभर टक्के सहमत. पण "निसर्गात नाही" हा मुद्दा धरला तर फोटोग्राफीच बंद करावी लागेल. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राची चित्रं काढत होता. त्या काळच्या प्लेटला निळ्या रंगाचं भारी वेड, त्यामुळे समुद्र नीट आला की आभाळ कोरं पांढरं. हा बाबा आभाळाची वेगळी निगेटिव्ह आणि समुद्राची वेगळी निगेटिव्ह घेऊन एकाच कागदावर छापायचा. लोक वेडे झाले होते त्या चित्रांपायी. म्हणजे तुमच्या सांदणचा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे, आणि उत्तरही.

डार्करूममध्ये आम्हीही हाताची सावली धरून आभाळाला जास्त वेळ द्यायचो आणि चेहऱ्याला कमी. तेव्हा कुणी खोटं म्हटलं नाही. हात जड पडला की वाईट दिसायचं, हलका पडला की कळायचं नाही. आताही तेवढंच आहे.

झालर का येते तेही सांगतो. उजळ आणि काळ्या भागाच्या सीमेवर सॉफ्टवेअर दोन्हींना वेगवेगळं हाताळतं आणि ते मिश्रण सीमेबाहेर सांडतं. कॅमेऱ्यातला एचडीआर त्या मानाने सौम्य असतो. झालर बहुतेक वेळा नंतर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये स्लायडर टोकापर्यंत ओढल्याने येते.

अंधारबन
काका, ल ग्रेचं माहीत नव्हतं, शोधून बघतो. पण तो प्रत्येक आभाळासाठी स्वतः बसून निर्णय घेत होता. इथे चिप घेते, आणि सगळ्या फोटोंना एकच साचा. माझा आक्षेप तिथे आहे.

मावशी_मुलुंडच्या
मी मधेच विचारते, रागावू नका. मुलाने वाढदिवसाला कॅमेरा दिला आहे. मला रॉ, निट, बीटी काही कळत नाही. नातवंडं घेऊन समुद्रावर गेलो तर काय लावायचं?

लोलक
मावशी, तुम्ही फोटोला सुपरफोटो लावा आणि विसरून जा. एचडीआर कधी वापरायचा, कधी नाही, ते दृश्य बघून कॅमेराच ठरवतो. व्हिडिओला एचडीआर बंद, साधा ४के. तो सगळ्यांच्या फोनवर सारखा दिसेल. आणि सूर्य पाठीमागे ठेवून फोटो काढलात तर यातलं काहीच लागत नाही.

मावशी_मुलुंडच्या
सूर्य पाठीमागे ठेवला की पोरं डोळे मिचकावतात हो. बरं, सुपरफोटो लावते. धन्यवाद.

घाटवळण
आता बोगद्यांचं बोलू, कारण मला तेच पडतं. द्रुतगती मार्गावर बाइकला बंदी, त्यामुळे भाताण-माडप आमच्या नशिबी नाहीत. पण मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूर ते खेडमधला कशेडीचा नवा बोगदा हा एचडीआरच्या परीक्षेचा पेपर आहे. आत शिरताना तोंड काळं, बाहेर पडताना तोंड पांढरं.

एचडीआर व्हिडिओ लावून माझा निष्कर्ष असा की बोगद्यात त्याचा उपयोग लोकांना वाटतो त्याहून कमी. ऑटो एक्स्पोजरला बाहेरून आतल्या उजेडाशी जुळायला थोडा वेळ लागतोच, डोळ्यालाही लागतो. एचडीआरमुळे बाहेर पडतानाची झाडं थोडी लवकर दिसायला लागतात, एवढाच फायदा.

खरा घात करतो तो एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी भिंगावरची काळी काच. या कॅमेऱ्यांचं अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं, हिरो १३ चं एफ २.५. कमी-जास्त करायची सोय नाही. कडक उन्हात आयएसओ १०० वर शटर १/४००० च्या आसपास जातं आणि रस्ता तुटक-तुटक दिसतो. म्हणून लोक एनडी ३२ लावतात. तो पाच स्टॉप उजेड खातो, म्हणजे पाच वेळा निम्मा करतो. उन्हात छान. तोच लावून बोगद्यात शिरलात की आयएसओ शिगेला, शटर मंद, वर स्टॅबिलायझेशन. दिव्यांच्या शेवया दिसतात आणि त्या फ्रेममागून फ्रेम थरथरतात. मग लोक म्हणतात एचडीआर खराब आहे.

घाट आणि बोगदा एकत्र असेल त्या दिवशी मी एनडी काढून ठेवतो. तुटक दिसलेलं परवडलं.

पाणबुड्या_मालवणी
तारकर्लीक येणाऱ्या पर्यटकांसाठी माझे दोन पैसे. पाण्याखाली एचडीआर लावू नका. तिथे एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला काळोख असं नसतंच. पाणी सगळं एकसारखं धूसर करून टाकतं, रेंज उलट कमी होते. तिथली अडचण रंगाची. पाणी लाल रंग आधी गिळतं, थोडं खाली गेलं की रक्तसुद्धा हिरवट दिसतं. व्हाइट बॅलन्स बघा, जमलं तर रॉ. आणि मासे काय तुमच्या तीन फोटोंसाठी थांबणार आहेत?

एकच अपवाद: अर्धा कॅमेरा पाण्यात, अर्धा वर. तेव्हा वरचं आभाळ आणि खालचं पाणी यात फरक मोठा असतो. पण लाट थांबत नाही. म्हणून तिथेही रॉच.

ढोलताशा
विसर्जनाच्या रात्री? एका बाजूला एलईडीची भिंत, दुसऱ्या बाजूला अंधारात आमचं पथक. एचडीआर लावला तर टिपरू चार-चार दिसतात.

दोरखंड
वाजवणाऱ्या हातावर एचडीआर फोटो लावूच नये, मी वर म्हटलं तेच. व्हिडिओत त्याआधी एक गोष्ट बघा, अँटी-फ्लिकर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेटिंग ५० हर्ट्झवर ठेवा. गोप्रोवर मग ३० आणि ६० ऐवजी २५ आणि ५० फ्रेम मिळतात, घाबरू नका. शटर १/५० किंवा १/१०० ठेवता आलं तर पट्टे जातात. एलईडीची भिंत तरीही त्रास देऊ शकते, तिचं लुकलुकणं वेगळ्याच गतीचं असतं. जागा बदलून भिंत फ्रेमबाहेर काढणं हाच उपाय.

सह्यभटक्या
भरपूर मिळालं. आता शेवटची गाठ सोडवा. एचएलजीत शूट केलेलं माझ्याकडे पडून आहे. ते टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धड दिसायला काय करू? पुन्हा सांदणला जाणं आहेच, पण आधीचं फुकट कशाला घालवा?

लोलक
फुकट जाणार नाही. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्या. प्रोजेक्टमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करा. क्लिपची इनपुट कलर स्पेस रेक.२१०० एचएलजी, आउटपुट रेक.७०९ (वर म्हटलेले बीटी.२१०० आणि बीटी.७०९ तेच). मधलं रूपांतर, म्हणजे जे तुमच्या टीव्हीला करता येत नव्हतं ते, सॉफ्टवेअर करतं. रंग जागेवर येतील. मग आभाळाची बाजू थोडी खाली ओढा, कातळाची थोडी वर. जास्त नको, नाहीतर अंधारबन धाग्यावर परत येतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ एचएलजी फाइल कधीच टाकू नका. तिथे व्हिडिओ पुन्हा दाबला जातो आणि समोरच्याचा फोन काय दाखवेल याची खात्री नाही. रेक.७०९ ची प्रत पाठवा. यूट्यूबवर मात्र एचएलजी तसंच चढवलं तरी चालतं. ज्याचा पडदा एचडीआर त्याला एचडीआर दिसतं, बाकीच्यांसाठी यूट्यूबच साधी प्रत बनवतं.

नवा टीव्ही घ्यायचा विचार असेल तर खोक्यावर एचडीआर लिहिलंय म्हणून भुलू नका. स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, पण तेवढा उजेड पाडायची त्याची ऐपत नसते. मग सगळं चित्र काळवंडतं आणि साधा व्हिडिओच बरा वाटायला लागतो.

पुढच्या खेपेला माझं ऐकाल तर सांदणचा व्हिडिओ एचएलजीत न करता १०-बिट आणि जीपी-लॉगमध्ये (गोप्रोचा फिका, नंतर रंग भरायचा मोड) करा. आठ बिटांत एका रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटांत १०२४. आभाळाच्या हळूहळू बदलणाऱ्या निळ्यावर नंतर हात चालवला की आठ बिटांत पट्टे दिसतात, दहात सहसा नाही. लॉग बघायला मेलेला दिसतो, पण त्यात आभाळ आणि कातळ दोन्ही असतात, आणि कुठलं किती दाखवायचं ते तुम्ही ठरवता. एडिटिंगचा कंटाळा असेल तर मात्र लॉगच्या वाटेला जाऊ नका. साधा मोड, ईव्ही उणे अर्धा, आणि मजेत फिरा.

अंधारबन
"कुठलं किती दाखवायचं ते तुम्ही ठरवता." हे पटलं. पण लॉगमध्ये शूट करणारे निम्मे लोक नंतर नेटवरचा तयार लट (रंगांचा आयता साचा) चिकटवतात आणि परत सगळ्यांचं सारखंच दिसतं. असो.

जुनं_निगेटिव्ह
खिक्. लटबाजीवर वेगळा धागा काढा, मी येतो.

नगरी_नग
चहा काय आला नाही. एक विचारतो. १०-बिट क्लिपा लॅपटॉपवर टाकल्या की चित्र अडकत-अडकत चालतंय आणि पंखा विमानागत ओरडतोय. कार्ड बदलू का लॅपटॉप?

घाटवळण
नगरी भाऊ, कार्डाचा दोष नाही. गोप्रोचा जास्तीत जास्त बिटरेट १२० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबाइट. व्ही३० वेगाचं कार्ड त्याच्या दुप्पट लिहितं. फक्त जागा बघा, त्या बिटरेटला तासाला ५४ जीबी जातात. सांदणला दिवसभर शूट करायचं तर ६४ चं कार्ड दुपारच्या डब्याआधीच भरेल.

अडकण्याचं कारण एचईव्हीसी, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. १०-बिट त्याच्यातच येतं आणि ते उलगडायला जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो. लॅपटॉप बदलायच्या आधी कार्डावर एलआरव्ही अशी शेपटी असलेल्या फाइली शोधा. कॅमेरा प्रत्येक व्हिडिओबरोबर हलकी प्रत बनवून ठेवतो. शेपटी बदलून एमपी४ करा, कापाकापी त्यावर करा, आणि शेवटी मूळ क्लिप जोडून रेंडर लावा. रात्री लावून झोपा, सकाळी होतं.

नगरी_नग
सापडल्या की! इतके दिवस त्या फाइली कचरा म्हणून उडवत होतो.